मंदगामी जीव आणि धावती विशेषणे

टीकाकाराने वाङ्मयाच्या वेशीबाहेर पाऊल टाकू नये, असा एक संकेत आहे. आणि एरव्ही आम्ही तो पाळतो. तेव्हा काव्य, नाटक व कादंबरी सोडून या खेपेस आम्ही अर्ध्या मिलिमीटरच्या एका प्राण्याकडे वळलो, याचे काही वाचकांस नवल वाटेल. त्यांस आमचे इतकेच सांगणे आहे की, आम्हांस येथे प्राणिशास्त्र शिकवावयाचे नाही; ते आमचे शास्त्र नव्हे. या प्राण्याविषयी गेली अडीचशे वर्षे जे लिहिले गेले, आणि आज विशेषेकरून जे लिहिले जात आहे, ते लेखन हाच आमच्या परीक्षणाचा विषय आहे. लेखन शास्त्राचे असो की काव्याचे, त्यातील शब्द अर्थाशी इमान राखतो की नाही हे पाहणे टीकाकाराचे काम आहे.

या परीक्षणास निमित्त घडले ते घरातलेच. २०१९ सालच्या श्रावणात आमचा दहा वर्षांचा भाचा आमच्याकडे आला होता. आम्ही उत्तरपत्रिका तपाशीत बसलो होतो आणि तो शेजारी वर्तमानपत्र वाचीत होता. कधीही न मरणारे प्राणी चंद्रावर जाऊन पोहोचले, अशा आशयाची एक बातमी त्याने मोठ्याने वाचून दाखविली आणि विचारले, “मामा, हे खरंच मरत नाहीत?” आम्ही मान वर न करता म्हणालो, “नाही रे. अमर असतात ते. छापलंय ना त्यात?” पोरगा थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “मग त्यांचे आजोबा, पणजोबा, सगळेच अजून असतील. तर मग पृथ्वीवर बाकीच्यांना जागा कशी उरली?”

या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. समोरच्या उत्तरपत्रिकेत एका विद्यार्थ्याने कोठेतरी वाचलेले वाक्य पडताळा न पाहता उतरविले होते, म्हणून आम्ही नुकतेच त्याचे दोन गुण कापले होते. आणि तेच पाप आम्ही स्वतः, एका मुलाच्या डोळ्यांत पाहण्याचीही तसदी न घेता, केले होते. त्या रात्रीपासून या प्राण्याविषयीचे जे लेखन हाती लागेल ते आम्ही वाचीत आलो. त्या वाचनाचा हा निष्कर्ष आहे.

प्रथम नावांविषयी. १७७३ साली क्वेडलिनबुर्ग येथील योहान आउगुस्ट एफ्राइम गोत्से या जर्मन धर्मोपदेशकाने सूक्ष्मदर्शकाखाली हा जीव पाहिला. आखूड आठ पाय, पायांना नखे, फुगीर अंग आणि झोकांड्या खात टाकलेली पावले पाहून त्याने त्यास ‘छोटे पाण्यातले अस्वल’ असे म्हटले. आपण त्यास जलभल्लूक म्हणू. तीन वर्षांनी, १७७६ साली, स्पालान्झानी या इटालियन पंडिताने त्याच्या चालीवरून त्यास ‘तार्दिग्रादो’, म्हणजे मंदगामी, हे नाव दिले. टार्डिग्रेड हे आजचे शास्त्रीय नाव त्यावरूनच आलेले आहे. या दोन्ही नावांचा गुण असा की, ती डोळ्यांनी पाहून ठेवलेली आहेत. एक आकार सांगते, दुसरे गती सांगते; प्रौढी एकाही नावात नाही.

आणि ज्या करामतीमुळे या जीवाची ख्याती झाली, तीही त्या जुन्या लेखकांस अगदीच अपरिचित नव्हती. १७०२ साली डेल्फ्ट येथील लेवेनहूक याने आपल्या घराच्या पन्हळीतील वाळलेली माती पाण्यात भिजविली तेव्हा तीत चक्रधर नावाचे दुसरे सूक्ष्म जीव पुन्हा हालचाल करू लागले होते. मंदगामी जीवाचेही तसेच. शेवाळावर, दगडफुलावर पाण्याचा जो पातळ पापुद्रा असतो त्यात तो राहतो. हा पापुद्रा सुकू लागला की तो डोके व आठही पाय आत ओढून घेतो, अंग आकसतो आणि एखाद्या इवल्याशा पिंपासारखा होऊन पडतो. स्थितप्रज्ञाचे लक्षण सांगताना गीतेने कासवाचा दृष्टांत योजला आहे, तो येथे सहज आठवतो. मात्र कासव अवयव आवरून घेते तेव्हा आत त्याचा श्वास चालू असतो. येथे श्वासही आवरला जातो. अंगातले पाणी शेकडा दोनतीन भागांवर येते, आणि अन्नपचन, श्वसन, वाढ इत्यादी ज्या व्यापारांस आपण जीवन म्हणतो, त्यांचा मागमूस उपकरणांसही लागत नाही. पुढे केव्हातरी पाण्याचा थेंब पडतो. काही मिनिटांत, फार तर काही तासांत, पाय हलू लागतात आणि जीव पूर्ववत् चालू लागतो.

एवढे साधे वर्णन वाचूनही मन थक्क होते की नाही, याचा वाचकांनी विचार करावा. आमच्या मते होते; आणि म्हणूनच यापुढे जी विशेषणे या जीवास चिकटविण्यात आली त्यांची गरज काय होती, हा प्रश्न उद्भवतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या प्रश्नावर पॅरिसमध्ये मोठा वाद माजला. द्वायेर याने १८४२ साली असे दाखविले होते की, नीट वाळविलेले मंदगामी जीव उकळत्या पाण्याहून अधिक उष्णता सोसूनही पुन्हा उठतात. पूशे याने त्यास विरोध केला. हा पूशे म्हणजे पुढे स्वयंभू जननाच्या प्रश्नावर पाश्चरशी झुंजलेला तोच होय. एक पक्ष म्हणे, देह ही योग्य रीतीने रचलेली वस्तू आहे. रचना मोडली नाही तर थांबलेले यंत्र पुन्हा चालते. दुसरा म्हणे, प्राण एकदा गेला की गेला; जे उठतात ते मेलेलेच नव्हते, त्यांच्यात थोडी ओल व थोडा प्राण शिल्लक होता. वाद जीवशास्त्र मंडळाकडे गेला, आणि पॉल ब्रोका याने १८६० साली त्यावर दीर्घ अहवाल लिहिला. निर्वात पात्रात कित्येक आठवडे वाळविलेले आणि नंतर अर्धा तास १०० अंश उष्णतेत ठेवलेले चक्रधर जीवही पुन्हा सचेतन झाले, असा निर्वाळा त्यात मिळतो. त्यात घोषणा नाही. इतक्या दिवसांचे शोषण, इतकी उष्णता, इतका वेळ, असे एकेक पाऊल मोजून पुढे टाकलेले आहे. मंदगामी जीवाविषयी लिहावयाचे तर लेखणीची चालही अशीच हवी, असे तो वाचताना वाटून जाते.

या वादातून एक कादंबरीही जन्मास आली, आणि टीकाकारास तीच अधिक जवळची. एद्मों आबू या फ्रेंच लेखकाची ‘तुटक्या कानाचा माणूस’ ही कादंबरी १८६२ साली प्रसिद्ध झाली. नेपोलियनच्या सैन्यातील फुगास नावाचा चोवीस वर्षांचा कर्नल १८१३ साली थंडीने गोठतो. सूक्ष्म जीवांवर प्रयोग करणारा माइसर नावाचा जर्मन पंडित त्यास पद्धतशीर वाळवून ठेवतो. पुढे लेओं रनो हा तरुण तो वाळका देह विकत घेऊन फोंतेनब्लो येथे आपल्या घरी आणतो. हाताळताना त्याचा कान तुटतो. आणि १८५९ साली विद्वानांच्या देखत त्यास पाण्यात भिजवून उठविण्यात येते. त्या विद्वानांतील प्रमुखाचे नाव ‘निबोर’ असे आहे. त्या काळी जीवशास्त्र मंडळात ‘रोबिन’ नावाचे एक सभासद होते, त्यांच्या नावाची अक्षरे उलट क्रमाने लिहिली की हे नाव सिद्ध होते. म्हणजे ग्रंथकार शास्त्राची थट्टा करीत आहे. परंतु ती शास्त्र वाचून केलेली थट्टा आहे.

कादंबरी म्हणून तिच्यात दोष आहेत. योगायोगांची रेलचेल आहे, आणि कर्नलचा आवेश पहिल्या दोन प्रसंगांत गमतीचा वाटला तरी पुढे एकसुरी होतो. परंतु तिचा एक गुण असा आहे की, त्यापुढे हे दोष क्षम्य वाटावेत. मनुष्य वाळून पुन्हा उठला, एवढ्यावर ग्रंथकार थांबत नाही. उठून तो करणार काय, असे तो विचारतो. कर्नलचा देह चोवीस वर्षांचा राहिला, पण सेहेचाळीस वर्षे निघून गेली. ज्या बादशहासाठी तो मरावयास सिद्ध होता तो कधीच मातीस मिळाला आणि गादीवर त्याचा पुतण्या बसला. ज्या तरुणीवर या कर्नलचे मन बसते ती यजमानाच्या मुलाची वाग्दत्त वधू. इतकेच नव्हे, तर ती त्याची स्वतःची नात असल्याचे पुढे उघडकीस येते. वाचक हसतो, आणि हसता हसता त्याच्या ध्यानी येते की, देह टिकणे आणि जीवन टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे हे सांगावयास कादंबरीची गरज पडली नाही. सातपुड्यात अस्तंबा डोंगराच्या परिसरात, कपाळीच्या जखमेसाठी तेल मागत हिंडणाऱ्या अश्वत्थाम्याची कथा सांगणाऱ्या अडाणी माणसासही, चिरंजीवपद हा वर आहे की शाप, याची शंका आलेली असते. आजच्या शास्त्रवार्ता लिहिणाऱ्या सुशिक्षितास ती येऊ नये, हे आश्चर्य होय.

ही दोन टोके एका शब्दात आणण्याचे श्रेय डेव्हिड केलिन या केंब्रिजच्या शास्त्रज्ञास आहे. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानात त्याने या अवस्थेस ‘क्रिप्टोबायोसिस’ असे नाव दिले. आपण त्यास गुप्तजीवन म्हणू. मरण म्हणावे तर रचना शाबूत आहे, जीवन म्हणावे तर व्यापार थांबलेले आहेत. तेव्हा दोहोंच्या दरम्यान एक तिसरी पायरी मानली पाहिजे, असे हा शब्द सुचवितो. शास्त्रीय परिभाषेतील पुष्कळ शब्द रूक्ष असतात. हा त्यांपैकी नाही. तो अचूक आहे आणि अचूकपणातूनच त्यास काव्य आले आहे. त्याच्याशेजारी ‘अमर’, ‘अजिंक्य’, ‘अविनाशी’ ही विशेषणे ठेवून पाहावीत, म्हणजे ती किती पोकळ वाजतात ते कळेल.

आता या विशेषणांची वंशावळ पाहू. ‘हा जीव एकशेवीस वर्षांनंतरही जिवंत होतो’, हे विधान कित्येक वर्षे पुस्तकांतून आणि वर्तमानपत्रांतून वारंवार येत असे; अजूनही मधूनमधून येते. याचे मूळ १९४८ साली फ्रांचेस्की या इटालियन विदुषीने लिहिलेल्या निबंधात आहे. संग्रहालयात सुमारे एकशेवीस वर्षे वाळून पडलेले शेवाळ तिने भिजविले आणि त्यातील मंदगामी जीवांचे निरीक्षण केले. बारा दिवसांनंतर एका जीवाच्या अंगास किंचित कंप आल्यासारखे, एक पाय थरथरल्यासारखे तिला दिसले. तो चालू लागला नाही, त्याने अन्न खाल्ले नाही, अंडी घातली नाहीत. तिने पाहिले ते लिहिले; तिचा त्यात काही दोष नाही. परंतु पुढच्याने कंपाची हालचाल केली, त्याच्या पुढच्याने हालचालीचे चालणे केले, आणि शेवटी एकशेवीस वर्षांची झोप संपवून हा जीव खडबडून उठला, असे ठरून गेले! आमच्या प्राचीन कवींच्या पोथ्यांत क्षेपक ओव्या कशा शिरल्या, हे ज्यांनी अभ्यासिले आहे त्यांस ही तऱ्हा नवी वाटणार नाही. नक्कल करणारा लबाड असतो असे नाही. बहुधा तो भक्त असतो, आणि आपल्या भक्तीने मूळ ओवी जरा सजवितो. अशा सातआठ भक्तांच्या हातून गेल्यावर मूळ कवी आपलीच ओवी ओळखणार नाही.

पोथी शोधून क्षेपके गाळण्याचे काम येथेही कोणी तरी केले. २००१ साली यॉन्सन आणि बेर्तोलानी या दोन अभ्यासकांनी मूळ इटालियन निबंध पुन्हा काढून वाचला आणि वरील प्रकार उघडकीस आणला. वाळलेल्या स्थितीत हा जीव खात्रीने किती काळ टिकतो, याचा हिशेब मग नऊदहा वर्षांच्या आसपास येऊन थांबला. गोठलेल्या स्थितीत तो याहून अधिक टिकतो. १९८३ साली अंटार्क्टिकावरून आणलेले शेवाळ जपानी संशोधकांनी शून्याखाली २० अंशांवर ठेवले होते; ते २०१४ साली विरघळविण्यात आले, आणि त्यातून दोन जीव व एक अंडे मिळाले. एक जीव वीस दिवसांनी मेला. दुसऱ्याने एकोणीस अंडी घातली, त्यांपैकी चौदा फुटली. जुन्या अंड्यातून निघालेल्या पिलासही पुढे संतती झाली. तीस वर्षांनी माता होणारा जीव! आणि हा वृत्तान्त २०१६ साली प्रसिद्ध झाला तो दिवसांच्या नोंदींसह, मेलेल्यासही त्याची जागा देऊन. एकशेवीस वर्षांच्या क्षेपकाहून या तीस वर्षांच्या सत्यात आम्हांस अधिक रस वाटला, हे आम्ही प्रांजळपणे नमूद करतो.

याच यॉन्सनचे नाव पुढे अंतराळातील प्रयोगाशी जोडलेले दिसते, ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. २००७ सालच्या सप्टेंबरात ‘फोटॉन-एम ३’ या यानातून दोन जातींचे वाळविलेले मंदगामी जीव पृथ्वीपासून सुमारे २७० किलोमीटर उंचीवर नेण्यात आले आणि दहा दिवस उघड्या अंतराळात ठेवण्यात आले. रिक्टर्सियस ही एक जात, मिल्नेसियम ही दुसरी. काहींस केवळ निर्वात पोकळी व थंडी लागली. काहींस त्यासोबत सूर्याचे अतिनील किरण लागले. २००८ साली या प्रयोगाचा जेमतेम तीन पानांचा निबंध ‘करंट बायॉलॉजी’ या नियतकालिकात आला. त्यात सांगितलेले असे: ज्यांस फक्त पोकळी लागली ते, पृथ्वीवर मागे ठेवलेल्या आपल्या भावंडांप्रमाणेच, पाणी मिळताच उठले आणि त्यांना संतती झाली, परंतु ज्यांस पोकळीबरोबर सूर्याचे सर्व अतिनील किरण लागले त्यांची दैना झाली, आणि त्यांतून मिल्नेसियम जातीचे अवघे तीन जीव उठले.

उघड्या अंतराळातून वाचून परत आलेला पहिला प्राणी, हा मान या जीवास या प्रयोगाने मिळाला. तो यथार्थ आहे. पण वर्तमानपत्रांतून जी वार्ता जगभर गेली तीत बहुधा पहिलेच वाक्य गेले, दुसरे राहून गेले. आमच्या मते निबंधाचे सारे मर्म दुसऱ्या वाक्यात आहे. हिरण्यकशिपूने वर मागितला तेव्हा दिवस आणि रात्र, घर आणि अंगण, मनुष्य आणि पशू अशी सर्व दारे त्याने बंद केली होती. तरी संध्याकाळ राहिली, उंबरठा राहिला आणि नरसिंह राहिला. त्या आख्यानाची गोडी वराच्या मोठेपणात नाही, राहून गेलेल्या फटीत आहे. मंदगामी जीवासही शोषणाविरुद्ध, थंडीविरुद्ध, पोकळीविरुद्ध वर मिळालेला आहे. आणि हे वर त्यास अंतराळासाठी मिळालेले नाहीत. शेवाळावरचे पाणी उन्हाने सुकते आणि पावसाने परत येते, त्या नित्याच्या संकटासाठी मिळालेले आहेत. ज्या जीवाने शेवाळ सुकण्याचा उपाय शोधला त्यास पोकळीचाही उपाय आयताच सापडला, कारण पोकळी म्हणजे त्याच्या दृष्टीने शोषणाचीच पराकाष्ठा. उघड्या सूर्याचे तीव्र किरण मात्र वातावरणाच्या पांघरुणाखाली त्याच्या वाट्यास कधी आलेच नव्हते. तेथे वराची फट उघडी राहिली. ज्या लेखात ही फट गाळली त्या लेखाने त्या प्राण्याचा इतिहासच गाळला.

आता ज्याने खोट्या एकशेवीस वर्षांची छाटणी केली तोच सहा वर्षांनी खरे आश्चर्य घेऊन आला, याचा अर्थ लक्षात घ्यावा. पुष्कळांची अशी समजूत असते की, चिकित्सा केली की अद्भुतरस आटतो. येथे नेमके उलट घडले आहे. हा जीव काय करू शकत नाही हे ज्यास ठाऊक होते, त्यालाच तो काय करू शकेल हे योग्य रीतीने विचारता आले.

मग त्या चंद्रावरच्या वार्तेकडे वळू. ‘बेरेशीत’ हे इस्रायली यान ११ एप्रिल २०१९ रोजी चंद्रावर उतरता उतरता आदळले. त्यात मानवी ज्ञानाचा एक सूक्ष्म ग्रंथसंग्रह होता आणि त्याबरोबर काही हजार वाळविलेले मंदगामी जीव होते. ही गोष्ट ऑगस्टमध्ये प्रकट झाली आणि ‘चंद्रावर आता जीवसृष्टी आहे’ असा गाजावाजा झाला. या वाक्याचे व्याकरण निर्दोष आहे. अर्थ मात्र तपासावयास हवा. चंद्रावर वाहते पाणी नाही, हवा नाही. वाळलेला जीव तेथे सुखरूप पोहोचला असे धरले, तरी तो तेथे उठू शकत नाही. मग तेथे आहे ते गुप्तजीवन, आणि गुप्त ते कायमचेच. आणि सुखरूप पोहोचला काय? केंट विद्यापीठातील त्रास्पास आणि बर्चेल या संशोधकांनी २०२१ साली यावर एक विलक्षण प्रयोग प्रसिद्ध केला. गोठविलेले मंदगामी जीव नायलॉनच्या गोळीत भरून त्यांनी ते एका जलद तोफेतून वाळूच्या लक्ष्यावर मारले. सेकंदास सुमारे ९०० मीटर वेगापर्यंत जीव वाचले, जरी वेग वाढत गेला तसे त्यांस सावरण्यास अधिकाधिक वेळ लागला. त्यापलीकडे त्यांचे तुकडे मिळाले. यान आदळताना उत्पन्न झालेला दाब या मर्यादेच्या पुष्कळ वर गेला असणार, आणि ते जीव वाचले नसणार, असे अनुमान या प्रयोगावरून निघाले. तोफेच्या गोळीतून फेकला गेल्यावरही अर्धा मिलिमीटर देहाचा प्राणी काही वेळाने चालू लागतो, हे वाचून ज्यास आनंद होत नाही त्यास आम्ही अरसिक म्हणू. पण त्या आनंदात ‘९००’ हा आकडा आहे. तो आकडा गाळला की आनंदाचा बाजार होतो.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो लेखाजोखा घेतल्यावाचून पुढे जाणे न्याय्य होणार नाही. कोणी म्हणेल, ‘अतिशयोक्ती हा तर अलंकार आहे, तुमच्याच साहित्यशास्त्राने तो मानिला आहे. सामान्य वाचकास शास्त्राकडे ओढावयाचे तर थोडी सजावट लागणारच. ज्याने “अमर प्राणी” हे शब्द वाचले तो निदान शेवाळाकडे पुन्हा एकदा पाहील.’ या म्हणण्यात तथ्य आहे, आणि आमच्या भाच्याची जिज्ञासा याच शब्दाने जागी झाली, हे आम्ही विसरत नाही. तथापि अलंकाराचा नियम असा की, तो अलंकार आहे हे ऐकणाऱ्यास कळले पाहिजे. नायिकेचे मुख चंद्र म्हटले तर कोणी दुर्बीण आणीत नाही. परंतु एखादा प्राणी मरत नाही असे वृत्त म्हणून छापले, तर वाचक ते वृत्त म्हणूनच घेतो. काव्यात अतिशयोक्ती वस्तूस मोठी करते; वार्तेत ती तिला खोटी करते.

आणि खोटेपणाची शिक्षा प्रथम वस्तूसच भोगावी लागते. २०२० साली कोपनहेगन येथील संशोधकांनी या जीवाच्या एका काटक जातीस उष्णता किती सोसते ते मोजले. वाळलेल्या स्थितीत तासभर ८२ अंशांहून थोडी अधिक उष्णता दिली तर निम्मे मरतात. पण हिंडत्याफिरत्या स्थितीत, चोवीस तास, अवघ्या ३७ अंशांस निम्मे मरतात. सदतीस अंश म्हणजे काय हे महाराष्ट्रीय वाचकास सांगावयास नको; विदर्भातला चैत्रही त्यापुढे जातो. ज्यास आपण निरपेक्ष शून्याजवळची थंडी सोसणारा अजिंक्य वीर म्हणून मिरविले, तो भिजलेला असताना एका साध्या उन्हाळी दिवसाने दगावतो. पृथ्वी तापत असता त्याचे पुढे काय होणार, असा प्रश्न त्या संशोधकांनी उपस्थित केला आहे. ज्याने ‘अमर’ हे विशेषण मनावर घेतले त्याच्या मनात हा प्रश्न उठणारच नाही. अमराची काळजी कोण करतो?

तोच प्रकार त्याच्या गुणांच्या उपयोगाविषयी. २०१६ साली जपानी संशोधकांनी या जीवातील एक प्रथिन मानवी पेशींत उत्पन्न करून दाखविले. त्यामुळे क्ष-किरणांनी त्या पेशींच्या आनुवंशिक द्रव्यास होणारी इजा सुमारे शेकडा ४० इतकी कमी झाली. ही पात्रातील पेशींची गोष्ट आहे. तिच्यावरून काही लेखकांनी माणसास थेट मंगळावर बसविले. पात्रापासून मंगळापर्यंतचा रस्ता लांब आहे, आणि तो मंदगतीनेच चालावा लागतो.

यावरून आम्ही सर्वच लोकप्रिय शास्त्रलेखनास नावे ठेवतो, असे कोणी समजू नये. गोत्से, ब्रोका, केलिन यांनी जे लिहिले ते शिकल्यासवरल्या कोणासही समजावून सांगता येईल असेच आहे. आमची मागणी तीन गोष्टींची आहे: आकडा असेल तर तो सांगावा, अट असेल तर ती आकड्याशेजारीच सांगावी, तळटीपेत ढकलू नये, आणि जे मेले त्यांसही वृत्तान्तात जागा द्यावी. एवढे केले तर विशेषणांवाचून चालते, असा आमचा अनुभव आहे.

गेल्या पावसाळ्यात भाचा पुन्हा आला होता. आता त्यास मिसरूड फुटू लागले आहे. घरामागच्या गडग्यावरचे शेवाळ आम्ही दोघांनी बशीत भिजविले, आणि त्याने शाळेतून मागून आणलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली दोन संध्याकाळी पाहिले. अस्वल काही दिसले नाही. किडे पुष्कळ दिसले. पाहता पाहता आम्ही त्यास म्हणालो की, त्या श्रावणात आम्ही तुला चुकीचे सांगितले होते. हे जीव मरतात. हिंडतेफिरते असताना त्यांचे आयुष्य काही महिने, फार तर एकदोन वर्षे. मधे वाळून पडले तर तेवढा काळ घड्याळ थांबते, इतकेच. म्हणून पणजोबा उरत नाहीत आणि आपल्यास जागा उरते. तो डोळा न काढता म्हणाला, “मला तेव्हाच वाटलं होतं, मामा. पण तुम्ही पेपर तपाशीत होता.”

चूक सुधारावयास आम्हांस इतकी वर्षे लागली. मंदगामी हे नाव कोणास अधिक शोभते, याचा निर्णय वाचकांनीच करावा.